त्यांना बीएमडब्ल्यू कशाला हवी?

"इंग्लंडमध्ये अपंगांना सरकार फुकट बीएमडब्ल्यू देतं, माहितीये?" मेसमध्ये हे वाक्य टाकलं की टेबलावरचे सगळे हसतात आणि पुढची पोळी येईपर्यंतचा वेळ बरा जातो. मित्रमैत्रिणींनो, वाक्य भारी आहे, पण त्यातला एकही शब्द धड नाही. गाडी सरकार देत नाही. ती फुकट नसते. 'देतं' म्हणावं तर तीन वर्षांनी परत करावी लागते. आणि बीएमडब्ल्यू तर नोव्हेंबर २०२५ मध्येच यादीतून उडाली. उरला 'इंग्लंड' हा शब्द, तोही अर्धवटच, कारण योजना सगळ्या ब्रिटनची आहे.

योजनेचं नाव मोटॅबिलिटी. आता तुम्ही म्हणाल, आपल्या कॉलेजच्या अंकात, त्यातही मराठी विभागात, ब्रिटनमधल्या अपंगांच्या गाड्यांचं काय काम? एक कारण घरगुती आहे. माझी मावशी लंडनजवळ स्लाउ गावात राहते. तिच्या यजमानांना, म्हणजे माझ्या काकांना, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि त्यांच्या दारात याच योजनेतली गाडी उभी असते. दुसरं कारण आपल्याच वर्कशॉपच्या मागे गंजत पडलंय, त्याकडे नंतर येते. (मी मुद्दाम 'अपंग' लिहितेय. 'दिव्यांग' लिहू का असं काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, माझ्या पायात दिव्य असं काही नाही. अपंगच लिही." कॉन्व्हेंटवालीचं मराठी असलं तरी हा शब्द तेवढा विचारून घेतलाय.)

आधी योजना समजून घेऊ, कारण निम्मं भांडण ती न समजल्यामुळेच होतं. ज्यांना चालणं-फिरणं फार अवघड आहे त्यांना ब्रिटनमध्ये सरकारकडून एक भत्ता मिळतो. मोठ्या माणसांसाठी त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलताना 'पिप'. त्यातला हिंडण्याफिरण्याचा जो भाग आहे, त्याचा वरचा दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तुमचा पगार किती, घर कुणाच्या नावावर, हे त्यासाठी विचारत नाहीत. अपंगत्वामुळे जो जास्तीचा खर्च होतो, त्याचा हा वाटा आहे असं धरलंय. हे पैसे माणूस टॅक्सीवर घालवू शकतो, किराणा भरू शकतो, कुणी विचारणार नाही. किंवा तो मोटॅबिलिटीला सांगू शकतो, की माझा भत्ता तुम्ही परस्पर घ्या आणि मला गाडी द्या. मग तीन वर्षांच्या लीजवर नवी गाडी मिळते. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं त्यातच आलं. पेट्रोल तेवढं आपलं. अपंग माणसाने स्वतःच चालवली पाहिजे असंही नाही. आई मुलासाठी चालवते, बायको नवऱ्यासाठी. २०२५ मध्ये या योजनेत आठ लाखांहून जास्त लोक होते आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण पाचातली एक यांच्याकडे जात होती. एवढं मोठं गिऱ्हाईक असल्यावर कंपन्या सूट देणारच.

योजनेच्या आधी काय होतं ते मात्र बघण्यासारखं आहे, निदान मेकॅनिकलवाल्यांनी तरी. दुसरं महायुद्ध संपल्यावर बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या इंजिनिअरने आपल्या नात्यातल्या एका भावासाठी, ज्याचे पाय लुळे होते, इंजिनवर चालणारी छोटी तीनचाकी बनवली. त्यातून 'इन्व्हाकार' नावाची कंपनी निघाली. पुढे सरकारने अशा तीनचाकी हजारोंनी घेतल्या आणि अपंगांना खरोखरच फुकट वापरायला दिल्या. शेवटच्या मॉडेलचं, म्हणजे मॉडेल ७० चं वर्णन वाचलं तर आपल्याला मजा वाटेल. फायबरग्लासची बॉडी, ५०० सीसीच्या आसपासचं दोन सिलिंडरचं इंजिन, बेल्टवर चालणारं ट्रान्समिशन म्हणजे गिअर बदलायची भानगडच नाही, आणि स्टिअरिंगच्या चाकाच्या जागी हँडल. पाय न वापरता पूर्ण चालवता येईल अशी गाडी. डिझाइन म्हणून बघितलं तर मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पण पुढे एक चाक, मागे दोन, वजन कागदासारखं. आडवा वारा सुटला की गाडी डगमगायची, कधी उलटायची. आग लागल्याच्याही तक्रारी होत्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सीट एकच. शेजारी कुणाला बसवायची परवानगीच नव्हती. म्हणजे नवरा तीनचाकीत आणि बायको-मुलं बसने. ज्या आईला हात-पाय नीट हलवता येत नाहीत तिला गाडी मिळणार, पण बाळ बरोबर नेता येणार नाही. रंगही एकच, फिकट निळा. तो निळा डबा लांबून दिसला की आत कोण बसलंय ते सगळ्या रस्त्याला कळायचं. माणसाला इकडून तिकडे न्यायचं हा प्रॉब्लेम स्टेटमेंट असेल तर तो सुटला होता. माणूस एकटाच हिंडतो असं गृहीत धरलं होतं, एवढंच!

१९७६ मध्ये ब्रिटनने अपंगांसाठी प्रवासभत्ता सुरू केला आणि तीनचाकी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. पण आठवड्याच्या चार पैशांतून गाडी कशी येणार? बँक कर्ज देईना, कारण बऱ्याच जणांना नोकरीच नव्हती. तेव्हा लॉर्ड गुडमन हे वकील आणि जेफ्री स्टर्लिंग हे उद्योगपती यांनी मोठ्या बँकांना एकत्र आणून १९७७ मध्ये मोटॅबिलिटी उभी केली. युक्ती साधी होती. भत्ता सरकारकडून येतो, तो माणसाच्या हातात न पडता थेट लीजच्या हप्त्यात वळवायचा. मग हप्ता बुडायची भीती उरत नाही. भीती नाही म्हटल्यावर बँक स्वस्तात पैसे देते. १९७८ पासून गाड्या मिळायला लागल्या. जुन्या निळ्या तीनचाकी त्यानंतरही काही जण चालवत होते, त्या ३१ मार्च २००३ ला रस्त्यावरून कायमच्या हटवल्या गेल्या.

मला या सगळ्यात यंत्रापेक्षा ही युक्तीच जास्त आवडते. इन्व्हाकारमध्ये हुशारी गाडीत होती, मोटॅबिलिटीत ती पैशाच्या वाटेत आहे. गाडी शेजाऱ्याच्या दारात असते तीच, आणि तिच्यात बायको-मुलं बसतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही. ७७.०५ पौंड गुणिले १५६ आठवडे म्हणजे साधारण १२,०२० पौंड. पौंडाला ११५ रुपये धरले तर पावणेचौदा लाखांच्या वर. आपल्याला वाटतं, बापरे! पण यात तीन वर्षांचा विमा, टायर, सर्व्हिसिंग सगळं बसवायचंय. उरलेल्या पैशांत गाडीची किंमत वसूल करायची का? नाही, कारण तीन वर्षांनी गाडी परत येते आणि विकली जाते. वसूल करायची ती फक्त घट. समजा एक गाडी २४,००० पौंडांची आहे आणि तीन वर्षांनी १२,००० ला विकली जाते. दुसरी २८,००० ची आहे, पण ती १८,००० ला जाते. लीजवाल्याला दुसरी स्वस्त पडते! (आकडे मी समजायला घेतलेत.) 'एवढी महाग गाडी या योजनेत कशी?' याचं अर्धं उत्तर इथे आहे. नाव असलेल्या गाड्या जुन्या बाजारात भाव टिकवून ठेवतात.

भत्त्यात घट आणि बाकीचा खर्च भागत असेल तर वर काही द्यावं लागत नाही. भागत नसेल तर फरक सुरुवातीलाच रोख भरायचा. त्याला ॲडव्हान्स पेमेंट म्हणतात. नावात ॲडव्हान्स असला तरी तो परत मिळत नाही. यादी दर तीन महिन्यांनी बदलते. या तिमाहीत शून्य ॲडव्हान्सला असलेली गाडी पुढच्या तिमाहीत हजार पौंडांवर गेलेली असू शकते. कारण जुन्या गाड्यांचा बाजार. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा होता, तेव्हा जुन्या गाड्या सोन्याच्या भावाने गेल्या आणि योजनेची चांदी झाली. २०२३-२४ मध्ये विजेच्या जुन्या गाड्यांचे भाव कोसळले आणि तीच योजना तोट्यात गेली. म्हणजे अपंग माणसाला कुठली गाडी परवडणार हे कुठल्या तरी ऑक्शन यार्डात ठरतं. हे त्याला कुणी सांगत नाही, त्याला फक्त यादीतला आकडा दिसतो.

म्हणून 'निवड' या शब्दाबद्दल मला बोलायचंय. यादीत शेकडो मॉडेल असतात. भत्ता सगळ्यांना एकच. मग निवड कुणाला जास्त? ज्याच्या खिशात ॲडव्हान्सचे पैसे आहेत त्याला. ज्याच्याकडे साठवलेले काही नाही त्याच्यासाठी यादी शून्य ॲडव्हान्सच्या ओळीपाशी संपते. त्या ओळीवर बहुधा लहान हॅचबॅक असतात. लहान गाडीला नावं ठेवत नाहीये मी, आमच्या घरी तीच आहे. पण काकांची गोष्ट सांगते.

काकांचे गुडघे पूर्ण वाकत नाहीत आणि मांड्यांत जोर नाही. घरात कुबड्या, लांब जायचं तर घडीची व्हीलचेअर. गाडी मावशी चालवते. शोरूममध्ये गेल्यावर दोघांनी इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. काका म्हणतात, "गाडी चांगली की वाईट ते नंतर. आधी बूड सीटवर टेकतं का ते बघायचं." सीट खाली असली तर बसताना धपकन पडायला होतं आणि उठताना दोन माणसं लागतात. सीट फार उंच असली तर चढता येत नाही. मधली उंची हवी, साधारण त्यांच्या खुर्चीएवढी. दार किती अंशात उघडतं ते महत्त्वाचं, कारण पाय सरळ ठेवून आत वळावं लागतं. दाराची चौकट खाली असली तर डोकं आपटतं. मग डिकी. घडी केलेली खुर्ची पंधरा किलोची, ती उचलून आत टाकणार मावशी, जी साठीला आली आहे. डिकीचा उंबरा दोन इंच उंच असला की तिची कंबर बोलते. घरी येऊन पुठ्ठ्यातून खुर्चीच्या मापाचा तुकडा कापला आणि तो प्रत्येक शोरूममध्ये घेऊन गेले. आपण ईडीच्या जर्नलला एवढं मोजमाप केलं नसेल.

सात गाड्या बघितल्या. शून्य ॲडव्हान्सच्या एकातही काका आणि खुर्ची दोन्ही नीट बसेनात. काका बसले तर खुर्ची नाही, खुर्ची बसली तर मागची सीट पाडावी लागे, मग नातवंडांनी कुठे बसायचं? (इन्व्हाकारची आठवण येते ना?) शेवटी घेतली ती एक मध्यम आकाराची, जरा उंच, ऑटोमॅटिक गाडी. ॲडव्हान्स अडीच हजार पौंडांच्या आसपास. तो भरायला त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने हात दिला. आता ही गाडी स्लाउच्या रस्त्यावरून जाताना बघणाऱ्याला काय दिसतं? चकचकीत नवी एसयूव्ही आणि काचेवर अपंगांच्या पार्किंगचा निळा बॅज. "बघा, मजा आहे यांची." शेजारच्या एका गृहस्थांनी मावशीला हे तोंडावर ऐकवलंय.

काकांपेक्षा अवघड गोष्ट त्यांची, जे खुर्चीतून उठूच शकत नाहीत. त्यांना रॅम्प किंवा लिफ्ट असलेली गाडी लागते, ज्यात खुर्चीसकट आत जाता येतं. साधी व्हॅन घेऊन तिचा तळ कापून खाली घेतात, रॅम्प बसवतात, खुर्ची जखडायची सोय करतात. थोड्या नगांचं काम, त्यामुळे खर्च मोठा. लीज पाच वर्षांचं असतं आणि ॲडव्हान्स कित्येकदा हजारोंच्या घरात जातो. म्हणजे ज्याचं अपंगत्व सगळ्यात जास्त, त्याला निवड सगळ्यात कमी आणि बिल सगळ्यात मोठं. तिथे मोटॅबिलिटीची धर्मादाय संस्था अनुदान देते, त्यासाठी मात्र मिळकत दाखवावी लागते. हँड कंट्रोल, डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर, स्टिअरिंगवरचा गोळा अशा लहान बदलांचे बरेचदा वेगळे पैसे पडत नाहीत, गाडी मागवतानाच सांगितलं तर. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

आता येऊ भांडणाकडे. २०२५ च्या उन्हाळ्यापासून ब्रिटिश वर्तमानपत्रांत या योजनेवर टीका जोरात चालली होती. मुद्दा असा, की लीजवर व्हॅट नाही, विम्यावर कर नाही, आणि या सवलतीत लोक बीएमडब्ल्यू, मर्सिडीज घेतात. २५ नोव्हेंबर २०२५ ला मोटॅबिलिटीने बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस, अल्फा रोमिओ यादीतून काढल्या आणि २०३५ पर्यंत निम्म्या गाड्या ब्रिटनमध्ये बनलेल्या असतील असं उद्दिष्ट जाहीर केलं. म्हणजे संडरलंडच्या निसान कारखान्यातल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांच्या बजेटमध्ये आलं, की जुलै २०२६ पासूनच्या नव्या लीजमध्ये ॲडव्हान्सवर २० टक्के व्हॅट लागेल आणि विम्यावरही कर लागेल. सूट कुणाला? व्हीलचेअरसाठी खास बनवलेल्या किंवा तशा मोठ्या प्रमाणात बदललेल्या गाड्यांना.

टीका करणारे सगळे दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या पगारातून जुनी गाडी ओढणारा एखादा मजूर कर भरतो आणि दुसऱ्याच्या मर्सिडीजवरचा व्हॅट माफ होतो, हे त्याला टोचणारच. वरचा फरक गिऱ्हाईक स्वतः भरत होतं हे खरं, पण त्या फरकावरचा कर माफ होता हेही खरं. शिवाय योजनेने स्वतःचे हातही फार स्वच्छ ठेवले नव्हते. २०१८ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने तिच्या मुख्याधिकाऱ्याच्या भरमसाट मोबदल्यावर आणि गरजेपेक्षा जास्त साठवलेल्या गंगाजळीवर ताशेरे ओढले होते. ज्यांचे पैसे, त्यांच्या ॲडव्हान्समधून ते कमी करता आले असते की!

तेव्हा बीएमडब्ल्यू गेली याचं मला दुःख नाही. एकूण गाड्यांत त्या ब्रँडचं प्रमाण साधारण ५ टक्केच होतं. पण मग कर कुणावर बसला? बीएमडब्ल्यूवाला तर यादीतून बाहेर गेलाच. रॅम्पवाल्या गाडीला सूट आहे, बरोबर आहे. मध्ये राहिले काका. त्यांची गाडी कंपनीतून आली तशीच आहे, तिला रॅम्प नाही, लिफ्ट नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत ती 'बदललेली' नाही. ती उंच आहे, दार मोठं आहे, डिकीचा उंबरा खाली आहे, हेच तिचं अपंगांसाठी असणं आहे, आणि ते कुठल्याही फॉर्ममध्ये दिसत नाही. अडीच हजारांवर २० टक्के म्हणजे पाचशे पौंड, विम्यावरचा कर वेगळा. काकांचं लीज संपेल तेव्हा नवीन घेताना एवढे जास्तीचे काढायचे किंवा लहान गाडीत गुडघे मोडायचे. शौक म्हणून ज्या फरकावर कर लावला, तो निम्म्या लोकांसाठी तरी सीटच्या उंचीचा फरक असतो असं मला वाटतं. 'निम्म्या' हा माझा अंदाज, पण गुडघ्याचा, कंबरेचा, सांध्यांचा त्रास असलेली माणसं डोळ्यांसमोर आणा.

माझं मत विचाराल तर कर ब्रँड बघून किंवा रॅम्प बघून लावू नये. माणूस बघून लावावा. काकांना भत्ता द्यायच्या आधी त्यांच्या शरीराची एवढी तपासणी होते, की किती मीटर चालता येतं हेसुद्धा मोजलं जातं. २०१३ मध्ये पिप आला तेव्हा वरच्या दरासाठी पूर्वीच्या सुमारे ५० मीटरऐवजी २० मीटरची रेघ आली, आणि पुन्हा तपासणी झाल्यावर हजारो लोकांना दारातली गाडी परत करावी लागली. एवढं मोजताच आहात, तर त्याच तपासणीत लिहा ना, की याला उंच सीट लागते, याला मोठी डिकी लागते. तेवढ्या गरजेपर्यंतच्या फरकावर कर नको. त्याच्या वर सनरूफ हवं असेल तर खुशाल कर घ्या.

यावर वॉर्डन सरांनी मला विचारलं, "आणि खोटं लिहून घेतलं तर?" घेतील काही जण. आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेटवर अटेंडन्स भरून घेतात तसंच. म्हणून आजारी पडणाऱ्याला सुट्टी देणं आपण बंद केलेलं नाही.

आता आपल्याकडे. आपल्याकडे भत्ता वळवून गाडी घ्यायची सोय नाही, कारण वळवण्याएवढा भत्ताच नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून अपंगांना महिन्याला मिळणारी रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली. त्यात औषधं, रिक्षा, सगळं. गाडीसाठी आपली मदत होती ती करसवलतीची. अस्थिव्यंग असलेल्यांना ४० टक्क्यांच्या वरचं सर्टिफिकेट असेल तर छोट्या गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांवर आल्या. सगळ्यांचा फायदा झाला, चांगलंच झालं, पण अपंगांचा वेगळा असा फायदा राहिला नाही. आणि ती सवलत होती तेव्हाही अट काय? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. म्हणजे काकांची खुर्ची जिच्यात बसत नाही नेमकी ती गाडी! चार मीटरची रेघ आखणाऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा कापून बघितला नसावा. शिवाय करसवलत म्हणजे ज्याच्याकडे आठ लाख आहेत त्याला सूट. ज्याच्याकडे नाहीत त्याला काय? तो मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतो आणि पावसात भिजतो. बरोबर कुणाला न्यायचं तर तेही भिजणार.

आता वर्कशॉपच्या मागे चला. डावीकडे, जुन्या लेथच्या शेजारी, ताडपत्रीखाली एक तीनचाकी आहे. दोन-तीन बॅचपूर्वीच्या फायनल इयरचा प्रोजेक्ट, अपंगांसाठी हाताने चालवायचं वाहन. हँडलवरच ब्रेक, ॲक्सिलरेटर, रिव्हर्स. वेल्डिंग सुंदर आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, फोटो अंकात छापून आला. जवळजवळ प्रत्येक कॉलेजात अशी एक ताडपत्री असते, इंटर-कॉलेजला गेल्यावर मी मुद्दाम बघते. सीट एकच आहे त्यावर. १९४६ सालीच बर्ट ग्रीव्ह्जने सोडवलेलं गणित आपण दर दोन वर्षांनी परत सोडवतो आणि तिथेच थांबतो.

रिपोर्टमध्ये 'कॉस्ट एस्टिमेशन' नावाचं प्रकरण असतं. त्यात पाइप, बेअरिंग, मोटर, रंग यांची बेरीज असते आणि खाली एक आकडा. तो आकडा कोण भरणार, एकदम भरणार की महिन्याला, टायर फाटला तर कोण बदलणार, विमा कोण उतरवणार, तीन वर्षांनी ती कुणाला विकता येईल, हे मला एकाही रिपोर्टमध्ये दिसलं नाही. प्रोजेक्ट गाइड असलेल्या सरांना-मॅडमना एक विनंती आहे. यंदा हा विषय कुणी घेतला तर त्या प्रकरणात एक पान वाढवायला सांगा: महिन्याला २,५०० रुपये मिळणाऱ्या माणसाच्या हिशोबाने. आणि एक्स्टर्नल येण्याच्या आधी त्यांना एकदा गावात, ज्याच्यासाठी बनवतोय अशा माणसाकडे पाठवा, पुठ्ठा आणि कात्री घेऊन. पुठ्ठा स्टोअरमध्ये मिळतो, मी विचारून आलेय.